गळा, ड्रम की तारा? तब्येतीसाठी संगीतगट निवडताना

डॉक्टर म्हणाले, "घराबाहेर पडा, चार माणसांत मिसळा." त्याच संध्याकाळी मुलीने फोनवर तीन गटांची माहिती धाडली. एक गाण्याचा, एक ड्रमचा, एक युकुलेली, म्हणजे छोट्या गिटारसारखं वाद्य, शिकवणारा. आता यातला कुठला धरायचा? वर्षभरात हा प्रश्न मला चार जणांनी विचारला, कारण या तिन्ही ठिकाणी मी पाय घालून आलो आहे. गाण्याच्या गटात माझं चौथं वर्ष चालू आहे. ड्रमच्या गटात आठ महिने काढले. युकुलेलीचं एक सत्र केलं, तेही पुरतं नाही. शिवाय मावशीला स्मृतिभ्रंश झाल्यावर तिला घेऊन एका निराळ्याच गटात जात होतो. तेव्हा हे लिहितोय ते थोडं वाचून आणि बरंचसं बसून, वाजवून, चुकून.

आधी एक गल्लत दूर करतो. संगीतोपचार वेगळा आणि संगीतगट वेगळा. संगीतोपचार म्हणजे प्रशिक्षित उपचारक तुमची तपासणी करतो, उद्दिष्ट ठरवतो, नोंदी ठेवतो. संगीत हे त्याच्या हातातलं साधन. गटात मात्र संगीत हेच काम, तब्येतीला होणारा फायदा त्याच्यासोबत येतो. लोकांना वाटतं की पहिलं वरच्या दर्जाचं आणि दुसरं आपलं करमणुकीपुरतं. पण मेलबर्नमध्ये 20 वृद्धनिवास विभागांतल्या स्मृतिभ्रंश असलेल्या 318 रहिवाशांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. काहींना गटाने संगीतोपचार, काहींना नुसतं करमणुकीचं समूहगान, काहींना दोन्ही, काहींना नेहमीची देखभाल. नैराश्याची लक्षणं कमी झाली ती समूहगानाने. गटातल्या संगीतोपचाराने तसा ठोस फरक दिसला नाही. म्हणून संगीतोपचार फुकट, असं कुणी म्हणू नये. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या माणसाला किंवा जबर मानसिक धक्का बसलेल्याला तो फार कामाचा ठरू शकतो. पण "नुसतं गाणंच ना" असं म्हणून नाक मुरडायचं कारण उरलेलं नाही, एवढं नक्की.

गाण्याचा गट

सगळ्यात जास्त अभ्यास याच प्रकारावर झालाय, आणि सगळ्यात जास्त माणसं घाबरतात तीही यालाच. "मला गळा नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर वाद घालत नाही. एवढंच सांगतो, की तब्येतीसाठी चालणाऱ्या गटात प्रवेशाला गाऊन दाखवावं लागत नाही. गाऊन दाखवा म्हणत असतील तर तो गट मैफिलीसाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

माझा पहिला दिवस. खुर्च्या गोलात मांडलेल्या, हातात कागद नाही, पडद्यावर शब्द नाहीत. गट चालवणाऱ्या बाईंनी आधी खांदे फिरवायला लावले, मग जबडा सैल सोडून जांभई, मग ओठ मिटून नुसता 'म्म्म'. तो 'म्म्म' नाकाच्या हाडात झिणझिणतोय का ते बोट लावून बघा म्हणाल्या. तीस माणसं नाकाला बोट लावून उभी. तिथेच निम्मी भीती गेली, कारण सगळेच सारखे बावळट दिसत होतो. मग त्या एक ओळ म्हणायच्या, आम्ही ती उचलायची. माझा सूर कुठे लागतोय ते मला कळेना, तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी मला थोडं आपल्याकडे ओढून घेतलं. खणखणीत आवाजाचा माणूस. त्याच्या आवाजाच्या आडोशाने मी तासभर गायलो. तेव्हापासून प्रत्येक नवख्याला सांगतो: सुरात गाणारा माणूस हेरा आणि त्याच्या कानाशी उभे राहा.

अभ्यासांचं म्हणाल, तर इंग्लंडमध्ये साठीपुढच्या 258 जणांवर झालेल्या चाचणीत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले होते. निम्म्यांनी 14 आठवडे दर आठवड्याला एकत्र गाणी म्हटली, बाकीचे आपापल्या दिनक्रमात. 2015 मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी गाणाऱ्यांची चिंता आणि नैराश्य कमी होतं, आणि मानसिक स्वास्थ्यातला फायदा सहाव्या महिन्यातही टिकून होता. सॅन फ्रान्सिस्कोत 12 ज्येष्ठ केंद्रांतल्या 390 जणांवर झालेला अभ्यास याहून मोठा, आणि मला जास्त प्रामाणिक वाटतो. सहा महिने गायल्यावर एकटेपणा कमी झाला, जगण्यात रस वाढला. पण स्मरणशक्तीत किंवा पायांच्या ताकदीत फरक पडला नाही. तेव्हा "गा आणि मेंदू तल्लख करा" अशी जाहिरात कुठे दिसली तर ती बाजूला ठेवा. गाण्याने आठवड्यातला एक दिवस उजळतो. तेही कमी नाही.

नव्या आईसाठी मात्र गाण्याच्या गटाचं पारडं जड आहे. बाळंतपणानंतरचं नैराश्य असलेल्या 134 जणींवर दहा आठवड्यांचा एक अभ्यास झाला, 2018 साली प्रसिद्ध झाला. काही जणी बाळांना घेऊन गाण्याच्या वर्गात, काही जणी खेळाच्या वर्गात, काहींना नेहमीची सेवा. हळूहळू सगळ्यांनाच बरं वाटलं, पण ज्यांची लक्षणं मध्यम ते तीव्र होती त्यांच्यात गाणाऱ्या आया लवकर सावरल्या. मूल कडेवर आणि झोप अर्धवट अशा दिवसांत 'लवकर' या शब्दाला केवढी किंमत असते ते सांगायला नको.

आता खटकणाऱ्या गोष्टी. एक म्हणजे पट्टी. चालवणारा तरुण असेल आणि स्वतःच्या सोयीची पट्टी धरत असेल तर साठीच्या बायकांचे हाल होतात. रजोनिवृत्तीनंतर बायकांचा आवाज बहुधा खाली उतरतो. वरच्या सुरांना ताणून गायलं की दुसऱ्या दिवशी घसा बसतो आणि बाई समजते की आपल्याला गाता येत नाही. दोष गळ्याचा नसतो, पट्टीचा असतो. गाणं दोन सूर खाली घ्या म्हणायला लाजू नका. चांगला चालक स्वतःहून विचारतो.

दुसरी गोष्ट म्हणजे रडू. गाणं कधी कुठल्या आठवणीला हात घालेल याचा नेम नसतो. आमच्याकडे एकजण अंतऱ्याच्या मध्यावर उठून बाहेर गेले. चालवणाऱ्या बाईंनी गाणं थांबवलं नाही, कुणी मागे धावलं नाही. पाच मिनिटांनी ते येऊन जागेवर बसले आणि पुढची ओळ उचलली. असं निमूट जाता-येता येतं का, हे मी गट जोखण्याचं माप मानतो.

आणि तिसरी म्हणजे हवा. मार्च 2020 मध्ये, कोविडच्या सुरुवातीला, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅलीतल्या एका गानगटाची अडीच तासांची तालीम झाली. 61 जण हजर होते, त्यातले 53 आजारी पडले, दोघे दगावले. गाताना आपण बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त बारीक थेंब हवेत सोडतो. ती साथ ओसरली, पण खोलीच्या खिडक्या उघडतात की नाही हे बघण्याची सवय मी सोडलेली नाही.

ड्रमचा गट

ज्यांना गायची लाज वाटते त्यांच्यासाठी हे दार सोपं. तोंड उघडायचं नाही, शब्द पाठ करायचे नाहीत, भाषा येत नसली तरी अडत नाही. वर्तुळात बसायचं, मांड्यांमध्ये जेंबे (हाताने वाजवायचा आफ्रिकी ड्रम) धरायचा, हातातल्या अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवायचं. मधोमध तळवा मारला की घुमणारा खर्ज. कडेवर जुळलेली बोटं टेकवली की गोल, कोरडा नाद. तीच बोटं सैल सोडून झटकली की चटकन फटाका. पहिल्या दोन नादांवर हात अर्ध्या तासात बसतो. तिसरा मला आठ महिन्यांत तीनदा नीट जमला, आणि तिन्ही वेळा चुकून.

ड्रमच्या गटाची खुबी अशी की चूक लपते. वीस जण ठेका धरून बसलेत, त्यात तुमची एक मात्रा घसरली तरी बाकीचे तुम्हाला पुढच्या समेवर आणून सोडतात. आणि शरीराला काम मिळतं. डोक्यात तेच तेच विचार घोळत असतील, तर डावा हात कधी आणि उजवा कधी एवढ्यातच मन गुंततं. चिंतेने ग्रासलेल्या काळात मला गाण्यापेक्षा ड्रमचा उतारा जास्त लागू पडला, हे कबूल केलं पाहिजे. गाताना मी शब्दांच्या मागे मागे पुन्हा स्वतःच्या विचारांत शिरत असे. ड्रमसमोर तशी सवडच मिळत नसे.

लंडनमध्ये मानसिक आरोग्य सेवा घेणाऱ्यांचा ड्रमगट घेऊन एक अभ्यास झाला, 2016 साली छापला गेला. दहा आठवड्यांत नैराश्य आणि चिंता दोन्ही उतरल्या, माणसांत वावरण्याची उमेद वाढली. पण यात ड्रम वाजवणारे जेमतेम तीस, आणि गटांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी नव्हती. ज्यांना मुळातच यायचं होतं तेच आले. त्यामुळे गाण्याच्या बाजूला जितका भरभक्कम पुरावा आहे तितका इथे नाही. कल चांगला दिसतोय, एवढंच म्हणता येतं.

इथला खरा त्रास आवाजाचा, आणि त्याबद्दल गटवाले स्वतःहून बोलत नाहीत. 85 डेसिबल आवाज आठ तास कानाला सोसतो असं धरतात; पुढे दर 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे 94 डेसिबलला तासभर. बंद खोलीत, कठीण फरशीवर, वीस जण एकदम जोर धरतात तेव्हा हा आकडा सहज गाठला जातो. घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर पुढच्या वेळी कानात बोळे घालून जा. वादकांसाठी मिळतात तसले घ्या, म्हणजे आवाज उतरतो पण गढूळ होत नाही. मोठ्या आवाजाने दचकणाऱ्या, जुन्या आघाताच्या आठवणी अचानक उसळणाऱ्या माणसाने तर आधी एकदा नुसतं दाराजवळ बसून पाहावं.

शिवाय गुडघे आणि कंबर. ड्रम तिरपा धरून तासभर बसणं माझ्या कंबरेला मानवलं नाही, म्हणूनच मी सोडलं. चालवणाऱ्याकडे स्टँड किंवा हातात धरायची हलकी डफासारखी वाद्यं असतील तर हा प्रश्न सुटतो. आमच्याकडे नव्हती.

तारांचा गट

युकुलेलीला चार तारा, त्याही नायलॉनच्या, म्हणून गिटारसारखी बोटं सोलवटत नाहीत. कॉर्ड म्हणजे एकदम छेडायचे जुळणारे सूर. सी कॉर्डला एक बोट पुरतं, दांडीवरच्या तिसऱ्या पडद्यावर. ए मायनरलाही एकच. एफला दोन, जी सेव्हनला तीन. या चार कॉर्डवर ढीगभर गाणी निघतात आणि दुसऱ्या आठवड्यातच आपण काहीतरी 'वाजवतो' आहोत असं वाटायला लागतं. हा आनंद गाण्याच्या किंवा ड्रमच्या गटात इतका लख्ख मिळत नाही. हाताला काय येत नव्हतं आणि आता काय येतं, हे डोळ्यांना दिसतं. निवृत्तीनंतर ज्याचं 'आपण आता काय कामाचे' असं झालेलं असतं, त्याला हेच औषध.

अमेरिकेत रोचेस्टरला 1991 साली रॉय अर्न्स्ट यांनी 'न्यू होरायझन्स' नावाने पन्नाशीपुढच्या नवशिक्यांचा बँड उभा केला, पुढे त्याची बरीच पिलावळ झाली. कधी वाद्याला हात न लावलेली माणसं क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट शिकू लागली. तेव्हा उशीर झाला हे कारण चालत नाही.

मग मी का सोडलं? कारण वाद्याच्या गटाला गृहपाठ असतो. दोन बैठकांच्या मधे रोज दहा मिनिटं तरी वाद्य हातात घ्यावं लागतं, नाहीतर पुढच्या वेळी सगळे पुढे गेलेले आणि आपण अजून एफवरून जी सेव्हनवर जायला चाचपडतोय. बरा असताना हा गृहपाठ दिवसाला आकार देतो. पण मन खचलेलं असताना तेच वाद्य कोपऱ्यातून बघत राहतं, आणि न घेतलेल्या दहा मिनिटांची टोचणी आधीच्या ओझ्यावर येऊन बसते. मी तीन आठवडे सराव केला नाही, मग चौथ्या आठवड्याला जायची लाज वाटली, मग गेलोच नाही. गाण्याच्या गटात महिनाभर दांडी मारून गेलात तरी तुम्ही तिथल्या तिथे सुरू करता. म्हणून नैराश्याच्या खोल टप्प्यात असलेल्या माणसाला मी आधी वाद्याचा गट सुचवत नाही. वर यायला लागल्यावर जरूर.

फुंकून वाजवायची वाद्यं असतील तर एक सूचना: ती दर वेळी सुकवा आणि साफ करा. ओलसर नळीत बुरशी धरते आणि ती श्वासावाटे थेट आत जाते.

आजारासाठी खास गट

इथे प्रश्न आवडीचा राहत नाही. फुप्फुसांचा आजार, स्मृतिभ्रंश, पार्किन्सन्स, पक्षाघात यांपैकी काही असेल तर आधी खास त्या आजारासाठी चालणारा गट शोधा. तो जवळपास नसेल तरच सगळ्यांसाठीच्या गटाकडे वळा.

फुप्फुसांचं उदाहरण घ्या. सीओपीडीमध्ये, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजारात, अडचण श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्याची असते. जुनी हवा आत अडकून राहते, नव्या हवेला जागा मिळत नाही, मग माणूस वरच्या वर भराभर श्वास घेऊ लागतो. लांब ओळ गाताना नेमकं उलट करावं लागतं: खाली पोटातून श्वास, मग तो आवरून, पुरवून पुरवून सोडायचा. सर्वसाधारण गटात ओळी लांब, उभं राहणं जास्त, आणि चालवणाऱ्याला हे ठाऊक नसतं. खास गटात ओळी तोडलेल्या असतात, बसून गातात, श्वासाचा सराव गाण्याइतकाच वेळ खातो. पुराव्याचं म्हणाल तर तो अजून तुटपुंजा आहे. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात (झालेले सगळे अभ्यास एकत्र तपासणारा अहवाल) या विषयावर अवघे तीन अभ्यास आणि 112 माणसं सापडली. गाण्याने अपाय झाला नाही, काही फायदे दिसले, पण छातीठोक काही म्हणावं इतकं नाही. कोविडनंतर महिनोन्‌महिने धाप लागणाऱ्यांसाठी इंग्लिश नॅशनल ऑपेरा आणि लंडनमधल्या इम्पीरियल कॉलेजशी जोडलेल्या डॉक्टरांनी मिळून ऑनलाइन वर्ग काढला, त्यात अंगाई गाणी घेतली. 150 जणांच्या चाचणीत सहा आठवड्यांनी मानसिक स्वास्थ्य सुधारलं, धापेच्या काही मोजमापांतही फरक पडला. अंगाईची निवड मला फार शहाणपणाची वाटते. ती मुळातच हळू असते आणि ती म्हणताना कुणी आवाज दाखवायला जात नाही.

स्मृतिभ्रंशाच्या गटात मी मावशीबरोबर काही महिने बसलो. ब्रिटनमध्ये अल्झायमर्स सोसायटीच्या 'सिंगिंग फॉर द ब्रेन'ची सुरुवात 2003 मधली; आमच्या गटाचा साचा साधारण तसाच. प्रत्येकाचं नाव घेऊन स्वागताचं गाणं, ओळखीची गाणी, हातात घुंगरू किंवा रुमाल, आणि सोबत आलेला घरचा माणूसही गाणार. लोक सांगतात की गाणं लागलं की विसरलेला माणूस अचानक गाऊ लागतो. मावशी गायली नाही. पाच बैठका ती तोंड मिटून बसली. सहाव्या बैठकीला शेजारचे आजोबा टाळ्या वाजवत होते, त्यांच्या हातावर तिने चापट मारली आणि म्हणाली, "अहो, ताल चुकतोय तुमचा." खरंच चुकत होता. त्यानंतर दर आठवड्याला तिने त्यांच्या तालावर पहारा ठेवला, आणि आजोबाही तिच्याकडे बघून मगच टाळी देत.

या गटांचा निम्मा फायदा सोबत करणाऱ्याचा असतो. फिनलंडमध्ये स्मृतिभ्रंश असलेली माणसं आणि त्यांना सांभाळणारे अशा 89 जोड्यांवर झालेल्या 2014 च्या अभ्यासात गाणं आणि नुसतं ऐकणं यांची तुलना केली होती. मन प्रसन्न होणं, भान येणं हे दोन्हींनी साधलं; पण सांभाळणाऱ्यांना बरं वाटलं ते गाणाऱ्या जोड्यांमध्ये. मला त्यात नवल वाटलं नाही. आठवड्यात तो एकच तास असा होता की मी मावशीला काही भरवत नव्हतो, आवरत नव्हतो, समजावत नव्हतो. आम्ही दोघं एकाच बाकावर बसून एकच काम करत होतो.

पक्षाघाताने वाचा गेली असेल, तर बोलता न येणारे शब्द गाण्यात निघू शकतात. त्यासाठी चालणारे गानगट आहेत, पण तिथे जाण्याआधी वाचोपचारतज्ज्ञाशी बोला. पार्किन्सन्समध्ये आवाज हळू आणि क्षीण होत जातो. तिथे मोठ्याने गाण्यावर भर देणारा गट हवा, हळुवार गाणाऱ्यांचा नको.

ऐकण्याचे गट आणि ऑनलाइन गट

दोन ओळीत आटोपतो. ऐकण्याचा गट म्हणजे एकत्र बसून संगीत ऐकणं आणि त्यावर बोलणं. खूप थकलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या किंवा माणसांची धास्ती घेतलेल्या माणसाला पहिली पायरी म्हणून उत्तम. पण तिथे रेंगाळू नका. ऑनलाइन गटात आवाज पोचायला क्षणाचा उशीर होतो, त्यामुळे सगळ्यांचे माइक बंद करून गावं लागतं. म्हणजे तुम्हाला चालक ऐकू येतो, शेजारी नाही. श्वासाचा सराव त्यातून होतो, बेसूर गायची भीडही राहत नाही. पण शेजाऱ्याच्या आवाजाचा आडोसा मिळत नाही, आणि माझ्या लेखी निम्मी मजा त्यातच आहे.

मग कुठला?

निवड करताना एक अभ्यास मी नेहमी डोळ्यांपुढे ठेवतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी नव्याने सुरू झालेल्या प्रौढांच्या वर्गांचा सात महिने मागोवा घेतला. काही वर्ग गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. पहिल्या महिन्यात गाणाऱ्यांची एकमेकांशी गट्टी भराभर जमली. सात महिन्यांनी मात्र सगळे वर्ग सारखेच जवळ आले होते. म्हणजे संगीत अवघडलेपण लवकर घालवतं. पुढचं काम दर आठवड्याला जाण्याने होतं. म्हणून कुठलं संगीत जास्त गुणकारी, यावर फार डोकं चालवू नका. सातव्या महिन्यातही तुम्ही जिथे जात असाल तो गट निवडा.

एकटेपणा हाच मुख्य त्रास असेल तर गाण्याचा गट. विचारांचा भुंगा आणि चिंता असेल, कान आणि कंबर धड असतील, तर ड्रम. मन बऱ्यापैकी ताळ्यावर आहे पण दिवस रिकामे वाटतात, तर वाद्य शिकवणारा गट. आणि आजार असेल तर वर सांगितलं तसं. औषधं किंवा समुपदेशन चालू असेल तर ते चालूच ठेवायचं, गट त्याच्या जोडीला. पोटाचं किंवा छातीचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर जोर लावून गाण्याआधी डॉक्टरांना विचारा. श्रवणयंत्र वापरत असाल तर ते लावून द्यायच्या वेळी तज्ज्ञाला सांगा की मी गटात गातो. ही यंत्रं बोलणं टिपण्यासाठी बेतलेली असतात, संगीत त्यांतून चिरकं ऐकू येतं. बहुतेकांत संगीतासाठी वेगळी जुळणी करता येते. आमच्या गटातल्या एका काकूंनी वर्षभर 'पेटी बेसूर आहे' अशी तक्रार केली. पेटी ठीक होती.

मात्र एकाच प्रकारच्या दोन गटांत जेवढा फरक असतो तेवढा दोन प्रकारांत नसतो. म्हणून फोनवर विचारून ठरवू नका, जाऊन बसा, आणि एकदा नाही, तीनदा. पहिल्या वेळी आपण स्वतःकडेच बघत असतो. दुसऱ्या वेळी चालवणाऱ्याकडे बघा: कुणी चुकलं की तो काय करतो? नाव घेऊन सुधारतो, की सगळ्यांनाच ती ओळ पुन्हा म्हणायला लावतो? तिसऱ्या वेळी मधल्या सुट्टीकडे बघा. ज्या गटात मधली दहा मिनिटं वेळ वाचवायला उडवून लावतात, तिथे लोक गाऊन घरी जातात, ओळख होत नाही. कार्यक्रम कधी आहे, हेही विचारा. वर्षात एखादा असेल तर चालतं, त्याने हुरूप येतो. दर दोन महिन्यांनी असेल तर तालमी वाढतात, कच्च्या आवाजांना मागच्या रांगेत ढकलतात, आणि तुमच्या तब्येतीचा विषय कुठल्या कुठे जातो. मी एकदा अशा गटात महिनाभर गेलो. तिसऱ्या तालमीला मला "नुसते ओठ हलवा" असं सांगण्यात आलं.

आणि एक प्रश्न पहिल्याच दिवशी विचारून टाका: कुणी दोन आठवडे आलं नाही तर तुम्ही काय करता? आमच्या गटात एक बाई आहेत, पूर्वी शाळेत शिक्षिका होत्या. त्या अजूनही हजेरी मांडतात, कुणी सांगितलेलं नसताना. दोन शनिवार चुकले की रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. कसे आहात वगैरे विचारत नाहीत. "पुढच्या वेळी कुठलं गाणं आहे माहीत आहे ना?" एवढंच विचारतात आणि ठेवून देतात.